सातशे ग्रॅम

डिसेंबर लागला की निफाडच्या थंडीची बातमी पेपरात येते. पारा किती उतरला, बागायतदारांनी पहाटे बागेत शेकोट्या कशा पेटवल्या, द्राक्षाच्या मण्यांना तडे जातील म्हणून त्यांचा जीव कसा टांगणीला लागला, सगळं फोटोसकट. मण्यांची काळजी साऱ्या मुलखाला. त्याच बागेच्या बांधावर पाल ठोकून राहिलेल्या मजुरांची पोरं पहाटे कशी कुडकुडतात, ते कोण कशाला छापील? उज्वलाला मात्र ती पोरं नावानिशी माहीत होती.

उज्वला गावच्या अंगणवाडीची सेविका. अकरा वर्षं झाली. दसरा सरला की सुरगाणा-पेठच्या डोंगरातून मजुरांच्या जोड्या खाली उतरायच्या. जोडी म्हणजे नवरा-बायको. बागायतदार माणसं मोजतच नाहीत, जोड्या मोजतात. आधी छाटणी, मग डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची, मग घडांची विरळणी म्हणजे दाटीतले जादा मणी काढणं, असं करत मार्चात माल निघेपर्यंत मुक्काम. जोडीबरोबर पोरं यायची, ती हिशेबात नसायची. त्यांची नावं डोंगरातल्या अंगणवाडीत आणि पोरं इथे वेलीखाली, साडीच्या झोळीत. उज्वलाची मदतनीस आक्काबाई दरवर्षी खिचडीत दोन तांबे पाणी जास्त ओतायची. पातळ झाली तर झाली, डोळ्यांदेखत उपाशी ठेवायची का, असं तिचं म्हणणं. आक्काबाई साठीला टेकलेली, तोंडाने फटकळ, आणि गावात कोणाच्या बापाला भीत नसे.

या पोरांसाठी एक खोली असावी, चार भिंती असाव्यात, दिवसभर कोणीतरी त्यांना सांभाळावं, गाणी म्हणावी, पोटभर खाऊ घालावं, एवढं उज्वलाचं मागणं. त्यासाठी ती अकरा ग्रामसभांना उभी राहिली. दर वेळी पुढच्या खेपेला बघू म्हणून तिला खाली बसवलं. आणि यंदा काय झालं कोण जाणे, देवानेच मनावर घेतलं म्हणायचं. सातपूरच्या एका कारखान्याला समाजासाठी काहीतरी करायचं होतं. त्यांच्या वतीने नाशिकहून, इंदिरानगरहून, मंजुषा मॅडम आल्या. एका संस्थेत काम करायच्या, बोलायला गोड, आणि पोरांच्या शेजारी मातीत फतकल मारून बसायच्या. सरपंच वाल्मीकभाऊंनी आपल्या पॅकिंग शेडच्या दर्शनी दोन खोल्या फुकट दिल्या. ग्रामपंचायत, बागायतदारांचा गट, कारखाना आणि संस्था अशा चौघांची भागीदारी ठरली. नाव ठेवलं ‘इवली पावलं’. बालघर हंगामभर चालणार, एक शिक्षिका, एक सांभाळणारी बाई, दोन वेळचं जेवण. उज्वलाने यंदा अधिकाऱ्यांच्या मागे लागून चौदा पोरांची नावं आपल्या अंगणवाडीकडे वळवून घेतली होती, ती कामी आली. उद्घाटन गुरुवारी ठरलं.

आणि मंगळवारी नवसाबाईचं वजन लाल निघालं.

नवसाबाई म्हणजे कोणी म्हातारी नव्हे. अडीच वर्षांची पोर. सविता आणि चंदर या सुरगाण्याच्या जोडीची. आधीची दोन मुलं हाती लागली नाहीत म्हणून नवस बोलून झालेली, तेच नाव. पोर शांत, फार शांत. उज्वलाला शांत पोरांची धास्ती वाटायची. रडणारं पोर बरं, त्याच्या अंगात रडायची तरी ताकद असते.

अंगणवाडीतला जुना काटा आढ्याला टांगून वापरायचा. त्याला झोळी असायची, आणि झोळीत पोराला उघडं करूनच घालायचं अशी रीत. आक्काबाईने नवसाबाईचं झबलं काढलं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. काटा सात किलो सहाशेवर थांबला. उंची ऐंशी सेंटिमीटर. उज्वलाने दंडाची पट्टी गुंडाळली, तीही लाल खुणेवर आली. मोबाइलमध्ये आकडे भरले तसा नावापुढे लाल ठिपका उमटला.

लाल म्हणजे पोर घरी ठेवायचं नाही. नाशिकला अशा मुलांना चौदा दिवस दाखल करून घेतात, आईला सोबत ठेवतात, दर दोन तासांनी दूध पाजतात. उज्वलाने अशी सहा पोरं पाठवली होती आणि सहाच्या सहा चालत परत आली होती. तिने सविताला समजावलं. सविता आधी अडचणीच सांगत राहिली. विरळणी ऐन भरात, जोडी मोडली तर मुकादम शिव्या घालील, चंदर ऐकायचा नाही. उज्वलाने तासभर हात धरून ठेवला. शेवटी सविता म्हणाली, "बाई, तुमी सांगाल तवा निंगन. तुमी खोटा नाय सांगायच्या."

उज्वलाने चिठ्ठी लिहून पिशवीत ठेवली. बुधवारी सकाळच्या गाडीने पाठवायचं ठरलं.

मंगळवारी संध्याकाळी वाल्मीकभाऊ घरी आले. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. गावात कोणाचं दुखलंखुपलं की पहिली गाडी त्यांची निघायची. त्यांनी चहा घेतला, थंडीचं बोलले, मग हळूच, कानावर आलेल्या लाल वजनाच्या विषयाला हात घातला. भाऊंचा माल परदेशी जायचा, त्याची तपासणी महिन्याभरात. तपासणीवाले आता नुसतं फवारणीचं औषध बघत नाहीत, मजुरांना कसं ठेवलंय तेही बघतात. त्यात गुरुवारी कारखान्याचे मोठे साहेब येणार, पेपरवाले येणार, आणि नेमकं भाऊंच्याच बागेतलं पोर कुपोषणात दाखल झाल्याची बोंब उठली तर? कारखाना म्हणेल, नको ही भानगड, दुसरं गाव बघू.

"वहिनी, पाठवू नका असं मी म्हणत नाय," भाऊ म्हणाले. "शुक्रवारी पाठवा, मी माझी गाडी देतो. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? फकस्त गुरुवारी लाल काही निघू देऊ नका. अकरा वर्षं तुम्हीच मागं लागला होता ना?"

हेच तिच्या वर्मी बसलं. अकरा वर्षं. एका पोरीचे दोन दिवस एकीकडे आणि दरवर्षीची चौदा-पंधरा पोरं दुसरीकडे. उज्वलाने मनाशी गणित मांडलं आणि ते बरोबर सुटलं. गणितं अशीच सुटतात, आपल्याला हवी तशी. सकाळी तिने सविताला निरोप धाडला, शुक्रवारी जायचं.

आक्काबाईला हे कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. पोराचं पोट मुहूर्त बघत नाही, एवढंच बोलली.

गुरुवार उजाडला तोच धुकं घेऊन. पॅकिंग शेडला झेंडूच्या माळा, दारात रांगोळी, मांडवात लाल गालिचा. आतल्या भिंतींवर मोर आणि फुलपाखरं रंगवलेली. खरं सांगायचं तर खोली पाहून उज्वलाचे डोळे भरून आले. एवढुश्या खुर्च्या, ठोकळे, चित्रांची पुस्तकं. आक्काबाईसुद्धा खुर्चीवरून हात फिरवत राहिली.

नऊ वाजता कारखान्याची गाडी आली आणि तिच्यातून खोकी उतरली. चौदा पोरांना चौदा लाल स्वेटर, लोकरीच्या विजारी, कानटोप्या, मोजे, आणि चांगले जाड तळव्याचे बूट. पोरांनी जन्मात बूट घातले नव्हते. ती पाय उचलून उचलून टाकायला लागली आणि सगळी हसायला लागली. नवसाबाईही हसली. उज्वलाने तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या काटकुळ्या पायांत बूट कपाटासारखे दिसत होते.

साहेब दहाला येणार होते, साडेनवालाच आले. मग धांदल उडाली. मंजुषा मॅडमची इच्छा अशी, की साहेबांच्या देखत पोरांची पहिली वजनं व्हावीत. म्हणजे आज पोर कुठे आहे आणि हंगाम संपताना कुठे जाईल, ते सगळ्यांना दिसेल. विचार चांगलाच होता. कारखान्याने नवा काटाही दिला होता, जमिनीवर ठेवायचा, वर उभं राहिलं की हिरव्या अक्षरांत आकडा येतो. झोळी नाही, टांगणं नाही.

उज्वलाला माहीत होतं. अकरा वर्षांत हजारो वजनं केलेल्या बाईला माहीत नसेल तर कोणाला? कपडे काढल्याशिवाय वजन नाही, हा पहिला धडा. मॅडमच्या कानाशी लागून एवढं सांगायचं होतं, मॅडमने ऐकलं असतं. पण कॅमेरेवाला पुढे येऊन बसला होता, बाहेर धुकं होतं, एवढ्या थंडीत चौदा पोरं उघडी करायची कशी, असं एक कारण तिच्या हाताशी आयतं आलं. आणि पहिल्या रांगेतून वाल्मीकभाऊ तिच्याकडे बघत होते.

पोरं एकेक करून काट्यावर चढली. साहेब आकडा मोठ्याने वाचायचे, लोक टाळ्या वाजवायचे. नवसाबाईची पाळी आली. आक्काबाईने तिला उचलून आणलं, पण काट्यावर ठेवेना. तिने उज्वलाकडे पाहिलं. उज्वलाने नजर मोबाइलमध्ये घातली. मग आक्काबाईने पोरीला काट्यावर उभं केलं.

"आठ किलो तीनशे," साहेबांनी वाचलं.

उज्वलाने आकडा भरला. ठिपका पिवळा झाला. दंडाची पट्टी पिशवीतच राहिली, कारण स्वेटरवरून पट्टी गुंडाळत नाहीत. टाळ्या झाल्या. करारावर चार सह्या झाल्या, चौघांचे फोटो झाले. उज्वलाची सही कोणी मागितली नाही, आणि तेव्हा तिला त्याचं बरंच वाटलं. साहेबांनी भाषणात सांगितलं की या गावात एकही बालक तीव्र कुपोषित नाही, हे गावकऱ्यांचं यश. वाल्मीकभाऊंनी हात जोडले.

मांडव रिकामा झाल्यावर सविता आली. ती मागे उभी राहून सगळं बघत होती. मंगळवारचा आकडा तिने पाठ करून ठेवला होता, देवाचं नाव पाठ करावं तसा.

"बाई, सात सहाशे व्हता. आता आठ तीनशे सांगला," ती म्हणाली. "म्हंजे वाढला ना?"

मागे चंदर उभा होता. मुकादमाचा माणूस बांधावर वाट बघत होता. आता सांगायचं तर त्यांच्या देखत सांगायला हवं होतं, की ते वजन कपड्यांचं, बुटांचं. मग मॅडमला सांगायला हवं. मग तो फोटो, तो आकडा, ते भाषण, सगळंच उलटं फिरवायला हवं. मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळी, शुक्रवारी परत लाल, याचा जाब वरचे विचारणार.

उज्वलाने मान हलवली. होकाराची.

सविताचा चेहरा एवढा उजळला की उज्वलाला बघवेना. चंदर म्हणाला, मग नाशिकला कशाला जायचं, घड वाढून बसलेत. आणि ती दोघं पोरीला घेऊन बांधाकडे गेली. पोर बापाच्या खांद्यावर, लाल टोपी, पाय हलवत.

चिठ्ठी पिशवीत होती. शुक्रवारी वाल्मीकभाऊंची गाडी दाराशी आली, दिल्या शब्दाला माणूस जागला. उज्वलानेच सांगितलं, पोर पिवळ्यात आलीय, आता बालघरात रोज खाणं मिळेल, पुढच्या वजनाला बघू. भाऊंनी हुश्श केलं. उज्वलानेही केलं, खोटं कशाला बोला. रात्री तिला झोप लागली नाही, पण झोप न लागल्याने कोणाचं पोट भरत नाही.

बालघर सुरू झालं. नवसाबाई रोज यायची, खुर्चीवर बसायची. घास मात्र दोनच खायची आणि तोंड फिरवायची. असल्या पोरांना भूकच लागेनाशी होते, म्हणून तर दवाखान्यात चमचा चमचा पाजतात. आक्काबाई रोज तिला मांडीवर घेऊन दूध पाजायची आणि उज्वलाकडे पाठ करून बसायची. दहा दिवस ती उज्वलाशी कामापुरतं बोलली.

बाराव्या दिवशी थंडीची लाट आली. पोरीला जुलाब लागले. सविता दिवसभर विरळणीवर, संध्याकाळी तिने मुकादमाकडून गोळी आणून दिली. पहाटे पोर गार पडायला लागली तेव्हा चंदर धावत वाल्मीकभाऊंकडे गेला. भाऊ पहाटेचे बागेतच होते, मण्यांसाठी शेकोट्या पेटवत. तसेच उठले, गाडी काढली. दवाखाना सात किलोमीटर. पोर चौथ्या किलोमीटरला गेली.

भाऊंच्याच पिकअपमधून तिला सुरगाण्याला नेलं. दवाखान्यातल्या कागदावर जुलाब आणि थंडी लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. मंजुषा मॅडम भेटायला आल्या, रडल्या. बालघर आधी असतं तर पोर वाचली असती, असं त्यांचं म्हणणं पडलं. उज्वला ऐकून घेत राहिली. कोणी म्हणजे कोणीसुद्धा तिच्याकडे बोट दाखवलं नाही. थंडीकडे दाखवलं, गरिबीकडे दाखवलं, डोंगरातल्या लोकांच्या अडाणीपणाकडेही दाखवून झालं.

विसाव्या दिवशी जोडी परत आली. विरळणी संपली नव्हती. त्याच दुपारी सविता बालघराच्या दारात उभी राहिली. आत शिक्षिका पोरांना पावसाचं गाणं शिकवत होती. सविता आत आली नाही. तिच्या हातात एक गाठोडं होतं. धुतलेला लाल स्वेटर, विजार, टोपी, मोज्यांची जोडी, आणि फडक्याने पुसलेले बूट. तळव्यांना माती नव्हती, पोर चाललीच किती?

"सायबांचा आहा," ती म्हणाली. "दुसऱ्या पोराला घाला. नवाच आहा."

उज्वलाचे हात पुढे होईनात. आक्काबाई पुढे झाली. तिने गाठोडं घेतलं, वळली आणि कोपऱ्यातल्या नव्या काट्यावर ठेवलं. मुद्दाम ठेवलं की ठेवायला जागा तीच होती, हे तिचं तिला ठाऊक. काटा जागा झाला. हिरवा आकडा आला.

सविताला अक्षर येत नव्हतं. पण त्या काट्याला आकडे येतात आणि ते वाचायचे असतात, हे तिने गुरुवारी पाहिलं होतं. ती उंबऱ्याबाहेरून टक लावून बघत राहिली.

"किती?" तिने विचारलं.

आक्काबाईने उज्वलाकडे पाहिलं. हे तिने सांगायचं नव्हतं. उज्वलाला वाटलं, मान हलवावी, काहीतरी पुटपुटावं, आत जाऊन पोरांना खिचडी वाढावी. एकदा जमलं होतं, आताही जमलं असतं. सविताने विश्वासच ठेवला असता. तोच विश्वास तिला सोसवेना.

"सातशे ग्रॅम," उज्वला म्हणाली. "त्या दिवशी वाढलं ते हेच होतं, सविता. पोर तेवढीच होती. मला ठाऊक होतं."

सविताला कळायला वेळ लागला. तिने काट्याकडे पाहिलं, मग बुटांकडे, मग उज्वलाच्या मानेकडे, जी त्या दिवशी हलली होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी निंगले व्हते बाई," ती म्हणाली. "बुधवारी पिशवी भरून बसले व्हते."

आणि ती बांधाकडे चालायला लागली, कारण मुकादमाने तिला अर्ध्या तासाचीच सुट्टी दिली होती.

उज्वला दारात उभी राहिली. आतलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग ती आत आली, शिक्षिकेला थांबायला सांगितलं, खिडक्या लावल्या, शेगडी पेटवायला लावली. अंगणवाडीतला जुना काटा आणून आढ्याला टांगला. आक्काबाईने न सांगता पहिल्या पोराचे बूट सोडायला घेतले. तेरा पोरं, एकेक करून उघडी केली, झोळीत घातली, दंडाला पट्टी लावली. उज्वला आकडे भरत गेली.

तेरांमध्ये दोन लाल निघाली. वीस दिवस ती दोघं रोज तिच्यासमोर बसून गाणी म्हणत होती, लाल स्वेटरात, गुटगुटीत दिसत.

तिने दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि वाल्मीकभाऊंना फोन लावला. गाडी पाहिजे, आत्ता पाहिजे, एवढंच बोलली. भाऊंनी तपासणीचं काहीतरी काढलं तेव्हा तिने फोन आक्काबाईच्या हातात दिला आणि पोरांना कपडे घालायला बसली. नवसाबाईचा स्वेटर अजून नव्या काट्यावरच होता. आकडा केव्हाच विझून गेला होता.